माझा चार, त्यांचा आठ

माझ्या मुलीला मेजर होऊन वर्ष उलटलं होतं, आणि सरकारी कागदावर मात्र ते वर्ष पुरं व्हायला अजून अडीच महिने बाकी होते. हे कसं झालं ते सांगतोच. पण आधी कबूल करून टाकतो की या प्रकरणात पहिले पाच दिवस मी जगातल्या यच्चयावत कारकुनांना गाढव म्हणत होतो. मी स्वतः छत्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात कारकून होतो, हे त्या पाच दिवसांत माझ्या लक्षातच राहिलं नाही.

मे महिन्यातली रविवारची दुपार. कूलरमध्ये पाणी ओतत होतो आणि तिचा फोन आला. ती दूर डोंगरात पोस्टिंगवर. घरी आम्ही दोघं नवरा-बायको आमच्या नागपुरी मराठीत बोलतो, मुलीला सगळं समजतं आणि ती उत्तर हिंदीत देते. रायपूरच्या शाळेत गेलेल्या आमच्या सगळ्याच पोरांचं असं आहे. म्हणाली, "बाबा, मेरा फॉर्म लौटा दिया."

फॉर्म म्हणजे साधासुधा नव्हता. डोंगरी लढाई शिकवणारे शिक्षक तयार करायचा फौजेचा एक कोर्स आहे, आणि ही पोट्टी लेफ्टनंट असल्यापासून त्याच्या मागे होती. लहानपणी डोंगरगडच्या देवळाच्या पायऱ्या आमच्या पुढे धावत चढायची, तेवढाच काय तो डोंगराशी संबंध. बाकी सगळं बालपण सपाट रायपुरात. आता कुठे जागा निघाली होती. अट अशी की जूनअखेर मेजरपदाचं एक वर्ष पूर्ण हवं. आणि वयाची अट अशी की पुढच्या वर्षी ती त्यात बसणार नव्हती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

तिची बढती गेल्या वर्षी दोन एप्रिलला झाली. आम्ही त्या दिवशी सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पेढे वाटले होते, तारीख मी विसरणं शक्य नाही. पण तिचे कागद सांभाळणाऱ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये दोन ऑगस्ट लिहिलेलं होतं. ऑगस्ट धरला तर जूनअखेर वर्ष होत नाही. वर्ष नाही म्हणून अर्ज परत.

"कोणत्या गाढवानं टाइप केलं?" मी ओरडलो.

"बाबा, वो बोल रहे हैं कि मेरे ही फॉर्म में अगस्त लिखा है."

आता तो फॉर्म मला चांगला आठवत होता. दिवाळीत ती सुटीवर आली होती. सगळं रेकॉर्ड नव्याने कॉम्प्युटरवर चढवायचं म्हणून प्रत्येक अधिकाऱ्याकडून माहितीचा एक चार पानी फॉर्म मागवला होता. निघायच्या दिवशी तिची बॅग भरणं चाललेलं, आई चिवड्याचे डबे कोंबत होती, आणि फॉर्म कोरा. मी म्हटलं, दे इकडे. कागद भरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या विभागात कोणी नव्हता. ऑफिसच्या हिंदी पखवाड्यात, म्हणजे हिंदी पंधरवड्यात, लेखी स्पर्धेचं बक्षीस म्हणून मला थर्मास मिळालेला आहे, आणि मराठी माणसाने इथे हिंदीचं बक्षीस मारणं ही काही लहान गोष्ट नाही. मी अर्ध्या तासात मोत्यासारख्या अक्षरात फॉर्म भरला. तिने बॅगेवर ठेवूनच सही केली. मी कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स काढून आणली, कारण झेरॉक्सशिवाय कागद घराबाहेर जाऊ देणं माझ्या रक्तात नाही.

मी धावत जाऊन फाईल काढली. झेरॉक्स समोर धरली. बढतीची तारीख: २-४. लख्ख!

"चार आहे बेटा! एप्रिल! माझ्या हातात कागद आहे. ठणकावून सांग त्यांना."

तिने ठणकावून कळवलं. मंगळवारी उत्तर आलं की मॅडम, आपल्या फॉर्मवर आठच आहे, कृपया पुन्हा पाहावे. मी पुन्हा पाहिलं. चार! तिने पुन्हा कळवलं. गुरुवारी आलेल्या पत्राचा सूर बदललेला होता. मूळ आदेशात एक तारीख, आपण सही केलेल्या फॉर्मवर दुसरी, आणि आपण म्हणता फॉर्मवरही पहिलीच आहे. हा फरक कसा पडला ते लेखी कळवावे. कोर्सची यादी शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागदाशी छेडछाड केल्याचा संशय, आणि तोही माझ्या मुलीवर! थर्मासमधला चहा घेत मी वरपर्यंत पाठवायच्या पत्राचे तीन मसुदे केले, मोठ्याने वाचत वाचत. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून ओरडून राहिले? शेजारच्या भाभीनं टीव्ही बंद केला तुमचं भाषण ऐकाले." मुलीला फोन केला तर तिने एका वाक्यात मला बसवलं, "मेजर के पिताजी चिट्ठी नहीं लिखते, बाबा." पण तिचा आवाज पडलेला होता. इतक्या वर्षांची तिची धडपड एका आकड्यावर अडकली होती आणि मी नुसता हात चोळत होतो.

शुक्रवारी सकाळी नारळ आले.

बायकोच्या भजनी मंडळाला वड्या द्यायच्या होत्या, म्हणून मी शंकर नगरातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात सामानाची यादी लिहून तिचा फोटो पाठवला होता. दुकानाच्या माणसाने सामान दारात ठेवलं आणि तो गेला. पाहतो तर आठ नारळ. मी यादीत चार लिहिले होते. आधीच डोकं तापलेलं. पिशवीत आठही नारळ भरले आणि तडक दुकानात गेलो.

काउंटरवर मालकाची सून होती. मी म्हटलं, "दीदी, चार मंगाए थे. आठ क्यों भेजे?"

"अंकल, आप आठ लिखे हो, तो आठ भेजे."

"चार लिहिले… चार लिखा है मैंने!"

तिने शांतपणे फोन काढला, माझ्या यादीचा फोटो मोठा केला आणि तेल घ्यायला उभ्या असलेल्या एका माणसासमोर धरला. "भैया, ये क्या लिखा है, पढ़ो तो?"

"आठ," तो म्हणाला. "हव, आठ ही तो है."

मी फोन हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. माझा ४. आईने पाटीवर गिरवून घेतलेला, साठ वर्षं लिहिलेला मराठी चार. घाईत मी त्याची वरची दोन टोकं जवळ आणतो, इतकी जवळ की ती जुळतातच. वर एक गोल, खाली एक गोल. ज्याने जन्मभर इंग्रजी आकडेच पाहिलेत त्याला तो दुसरं काही दिसणारच नाही.

"आठ!" मी दुकानात ओरडलो. "दीदी, आठ ही है! बिलकुल आठ है!"

ती घाबरलीच असावी. "वापस कर दो ना अंकल, चार रख लेते हैं," ती म्हणत होती, पण मी आठही नारळ घेऊन मे महिन्याच्या उन्हात घराकडे पळत सुटलो होतो. पासष्टीच्या माणसाने नारळाची पिशवी घेऊन पळू नये, हे मला पुढे दोन दिवस गुडघ्यांनी सांगितलं. पण त्या क्षणी मला कसला आनंद झाला होता म्हणून सांगू! कोडं सुटलं होतं. त्या ऑफिसातला माणूस खोटं बोलत नव्हता, माझी मुलगी खोटं बोलत नव्हती, आणि आम्ही सगळे आठवडाभर एकच कागद पाहत होतो.

घरी येऊन झेरॉक्स बायकोपुढे ठेवली. सगळं सांगितलं. तिने आकड्याकडे पाहिलं, नारळांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चार दुणे आठ. पाढा बरोबर हाय तुमचा." मग थर्मासकडे बोट दाखवून, "दुसरं बक्षीस काहून भेटलं होतं, आठवते का?"

आठवत होतं. त्या थर्मासवर 'द्वितीय' असं लिहिलेलं आहे, हे मी लोकांना सांगत नाही. परीक्षकाने माझ्या पेपरवर लाल शाईने शेरा मारला होता की सरकारी हिंदीत अंक अंतरराष्ट्रीय रूपात, म्हणजे 1, 2, 3 असे लिहायचे असतात. मी तेव्हा महिनाभर चिडलो होतो. ऑफिसात दिवसभर हिंदी, बाजारात हिंदी, मुलगीही हिंदीत बोलू लागलेली. माझ्या हातात मराठी म्हणून उरले होते ते हे दहा आकडे. ते मी कोणासाठीही सोडणार नव्हतो. फॉर्मच्या मागच्या पानाची झेरॉक्सही मी काढली होती. आता ती पहिल्यांदाच वाचली. सूचना क्रमांक तीन, तोच शेरा.

मुलीला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. मग तिचा आवाज एकदम उभा राहिला. "बाबा, जिसने फॉर्म भरा उसका बयान लगेगा, नोटरी करा के. मैं अपना जोड़ दूँगी. पाँच बजे तक!"

साडेअकरा वाजले होते. डोक्याला गमछा बांधून स्कूटर काढली आणि कचहरीत, म्हणजे कोर्टाच्या आवारात, पोचलो. पत्र्याच्या शेडखाली टाइपिस्टांची रांग. त्यातल्या एकासमोर बसून मी भराभर सांगू लागलो आणि तो भराभर टाइप करू लागला. शेवटच्या परिच्छेदाशी तो थांबला. म्हणाला, "यहाँ लिपिकीय त्रुटि लिख देता हूँ अंकल. सब यही लिखवाते हैं."

लिपिकीय त्रुटी! हे दोन शब्द मी नोकरीत किती वेळा लिहिले असतील, देव जाणे. कोणाचं जन्मवर्ष चुकलं, कोणाची वेतनवाढ राहिली, की मी फाईलवर 'लिपिकीय त्रुटी' लिहून सही करायचो. फार सोयीचे शब्द आहेत. चूक दिसते, ती करणारा माणूस दिसत नाही. इथेही ते चालून गेले असते आणि माझं काहीच बिघडलं नसतं. पण आठवडाभर संशय झेलला होता माझ्या मुलीने.

"नहीं," मी म्हणालो. "लिखिए कि फॉर्म मैंने भरा, सूचना मैंने नहीं पढ़ी, और यह गलती मेरी है."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तसंच टाइप केलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत 'चूक माझी' असं मी एकदाही लेखी दिलं नव्हतं. सही केली. खाली तारीख टाकायला पेन टेकवणार, तेवढ्यात त्या टाइपिस्टाने झटकन कागदावर हात ठेवला.

"अंकल! अंग्रेजी में!"

आम्ही दोघंही खो खो हसलो. नोटरीचा शिक्का उमटला, शेजारच्या दुकानातून कागद स्कॅन होऊन मुलीकडे गेला, सोबत माझ्या हातचा चार कसा दिसतो त्याचा नमुना म्हणून नारळाची यादीही गेली. तेव्हा अडीच वाजले होते.

मग वाट पाहणं. मी हॉलमध्ये येरझारा घालत होतो. बायको जमिनीवर विळी घेऊन बसली आणि नारळ खवू लागली. चार खवून झाले तरी थांबली नाही. पाचवा फोडला, सहावा फोडला. साडेचार वाजता घरात आठ नारळांचा चव परातीत शिगोशीग भरला होता आणि आम्ही दोघं टेबलावरच्या फोनकडे पाहत होतो.

पाचला दहा मिनिटं असताना तो वाजला.

"बाबा! हो गया! दो अप्रैल हो गया! मेरा नाम चढ़ गया लिस्ट में!"

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. शेजारच्या भाभी मात्र धावत आल्या. बायको एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने त्यांच्या हातावर नुसताच नारळाचा चव ठेवत होती. सगळं जरा शांत झाल्यावर मी फोन कानाशी धरून म्हणालो, "बेटा, माझ्यामुळे तुझं सगळं जाणार होतं. मी यापुढे इंग्रजीच आकडे लिहीन. तूही सही करायच्या आधी वाचत जा गं."

"पढ़ा था ना, बाबा."

"काय?"

"सही करायच्या आधी पूर्ण वाचला होता मी तो फॉर्म. बयानमध्ये बी तेच लिहून दिलं." ती मराठीत बोलत होती. अडखळत, पण मराठीत. "पाढे तुम्हीच तर लिहून देत होते मले. मले तर तो चारच दिसला जी."

मी फोन बायकोच्या हातात दिला आणि कूलरमध्ये पाणी ओतायला गेलो.