एर्मेलिंदाचा शब्द

लिस्बनच्या आल्फामा वस्तीतल्या विहिरीच्या गल्लीत एर्मेलिंदाच्या शब्दाला पाद्रीच्या शब्दाहून जास्त वजन होतं. "पाद्री फक्त रविवारी बोलतो, ही रोज बोलते, म्हणून," असं तिची मैत्रीण लुदोविना म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. चढावरच्या सरकारी शाळेत एर्मेलिंदा स्वयंपाकीण होती आणि गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातचं सूप पिऊन मोठी झाली होती. कुठल्या घरात चूल पेटलेली नाही हे तिला पोरांकडे बघून कळायचं. "सुपाची वाट न बघता जे पोर आधी पाव संपवतं, ते घरून उपाशी आलेलं असतं," ती म्हणायची, आणि त्या पोराच्या ताटलीत काही न बोलता दुसरा पाव पडायचा.

ती डोंगरातल्या खेड्यातली. लहानपणीच लिस्बनला मोलकरीण म्हणून आली, गोदीतल्या जासिंतोशी लग्न करून या गल्लीत राहायला आली आणि इथलीच झाली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. जासिंतो त्याच खोल्यांत वारला, मुलगा तिथूनच लक्झेंबर्गला पोटापाण्याला गेला. खिडकीतून नदी दिसत नव्हती. समोरची खिडकी दिसायची, आणि त्या खिडकीत माणूस असायचं. तिला तेवढं पुरत होतं.

खाली रस्त्याला लागून लुदोविनाची खोली. ती शिवणकाम करायची. जीभ सुईपेक्षा टोकदार, पण जासिंतो गेला तेव्हा आठवडाभर एर्मेलिंदाच्या पायाशी झोपली होती. सगळ्यांत वरच्या मजल्यावर म्हातारा आबिलिओ, जासिंतोचा गोदीतला दोस्त, बिनलग्नाचा. उमेदीच्या काळात साऱ्या इमारतीच्या गॅसच्या टाक्या त्यानं खांद्यावरून वर चढवल्या होत्या. आता गुडघे गेले होते. तो दोरीला टोपली बांधून खाली सोडायचा आणि लुदोविना तीत पाव, कांदे आणि चार शिव्या भरून पाठवायची.

निवृत्त झाल्यावर एर्मेलिंदानं पक्षाचं काम अंगावर घेतलं. मतदानाच्या रविवारी ती एकेका म्हातारीला दंडाला धरून शाळेपर्यंत न्यायची. मत कुणाला द्यायचं हे सांगावं लागत नसे. ती जिकडे, तिकडे गल्ली. आणि ती होती तेल्मोकडे.

तेल्मो म्हणजे पलीकडच्या पायऱ्यांवरच्या एका दारुड्या खलाशाचा मुलगा. रोज दुसरा पाव खाल्लेला. आता तो वॉर्डाचा अध्यक्ष होता, कोट घालायचा, पण भर रस्त्यात तिला "मावशी" म्हणून मिठी मारायचा. "माझ्या अंगावर जे मांस आहे ते मावशीच्या सुपाचं," असं तो सभेत सांगायचा, आणि एर्मेलिंदाचा चेहरा उजळून निघायचा.

मग घरमालकीण वारली. पुतण्यांनी इमारत एका कंपनीला विकायला काढली. कंपनीची एक गोड बोलणारी मुलगी प्रत्येक दार वाजवून गेली. करार संपले की पुढे वाढवायचे नाहीत, त्याआधी जो राजीखुशीनं जाईल त्याला थोडे पैसे. आजूबाजूच्या कितीतरी इमारतींत हेच झालं होतं. जिथं माणसं राहत होती तिथं आता दारांवर आकड्यांची कुलुपं होती आणि दगडी पायऱ्यांवर दिवसभर पर्यटकांच्या चाकांच्या बॅगांचा खडखडाट.

लुदोविना भाडेकरूंच्या संघटनेतल्या वकीलबाईंना घेऊन आली. वकीलबाईंनी सरळ सांगितलं, "अशी इमारत विकली जात असेल तर ती विकत घ्यायचा पहिला हक्क पालिकेचा असतो. पण मुदत थोडी असते. आत्ता आरडाओरडा केलात, खिडक्यांतून चादरी लावल्यात, टीव्हीवाले आले, तरच पालिका हलेल. निवडणूक तोंडावर आहे, यापेक्षा चांगली वेळ नाही."

लुदोविनानं त्याच दुपारी जुनी चादर काढली, तिच्यावर लाल कापडाची अक्षरं शिवली – 'इथे माणसं राहतात' – आणि खिडकीतून सोडली.

संध्याकाळी तेल्मो आला. एर्मेलिंदाच्या स्वयंपाकघरात बसला, सूप मागून घेतलं.

"मावशी, ती चादर तेवढी उतरवायला सांग."

"का रे? वकीलबाई म्हणतात..."

"वकीलबाई राहतात कुठं? मी राहतो इथं. पालिकेत माझं बोलणं झालंय. इमारत पालिका घेणार. पण आत्ता गोंधळ झाला, तर विरोधक म्हणतील तेल्मोच्या वॉर्डात लोक रस्त्यावर येताहेत. मी पडलो तर तुमच्यासाठी भांडणार कोण? निवडणूक होऊ दे फक्त."

"शब्द देतोस?"

तेल्मोनं तिचा हात हातात घेतला. "तुला खोटं सांगेन मी?"

ती दारोदार फिरली. "आपला पोरगा आहे," ती सांगत गेली. "थोडा धीर धरा." लोकांनी धरला. फक्त लुदोविना दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"संत आंतोनिओसुद्धा नवसाला कधीमधी पावतो," ती म्हणाली. "हा तुझा संत मतं पडली की ओळख तरी देईल का?"

"तू त्याला लहानपणापासून ओळखतेस."

"म्हणून तर विचारतेय."

"माझ्यासाठी उतरव, लुदोविना. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी."

 लुदोविना आत गेली आणि चादर ओढून घेतली. "तुझ्यासाठी," ती म्हणाली. "नीट लक्षात ठेव."

शेजारच्या गल्लीचं दैव वेगळं. तिथलीही एक इमारत विकायला काढली होती, पण तिथं एर्मेलिंदासारखं कुणी नव्हतं, म्हणून तिथल्या लोकांनी चादरी लावल्या, तव्यांवर उलथणी बडवली, टीव्हीवर झळकले. तेल्मो निवडून आला, मोठ्या मताधिक्यानं. विहिरीच्या गल्लीतली झाडून सगळी मतं त्याची. त्यानंतर काही दिवसांनी कळलं, पालिकेनं शेजारच्या गल्लीतली इमारत विकत घेतली. यांच्या इमारतीची मुदत मतमोजणीच्या आधीच टळून गेली होती. पालिकेत कुणी तिचा विषयसुद्धा काढला नव्हता.

एर्मेलिंदा वॉर्डाच्या कचेरीत गेली. पूर्वी ती सरळ आत जायची. या वेळी एका मुलीनं तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बसून राहिली. शेवटी तेल्मो बाहेर आला, तिला आत नेलं, दार लावलं.

"मावशी, मी प्रयत्न केला. वरून पैसे मंजूर झाले नाहीत."

"तू विचारलं होतंस का?"

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला. त्यात तिला उत्तर मिळालं. 

"ऐक," तो घाईघाईनं म्हणाला, "तुला मी रस्त्यावर पडू देईन का? पालिकेचं एक घर रिकामं आहे. इथंच, देवळामागं, तळमजल्यावर. तुझ्या नावानं करून देतो. फक्त कुणाला बोलू नकोस."

"लुदोविनाचं काय? आबिलिओचं?"

"सगळ्यांना घरं कुठून आणू गं मी?"

ती घरी न जाता लुदोविनाच्या दारात गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पालिका, मुदत, घर, सगळं. "तू घे ते घर," ती म्हणाली. "मी त्याला सांगते, तुझ्या नावानं कर म्हणून. तुझी गिऱ्हाइकं इथं आहेत. मी जाईन मुलाकडे."

लुदोविनानं मशीनवरचं कापड बाजूला केलं. ती ओरडेल असं एर्मेलिंदाला वाटलं होतं; ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझ्या मुलाकडे खोली आहे का तुझ्यासाठी?"

 खोली नव्हती, हे दोघींना माहीत होतं.

"घे तूच," लुदोविना म्हणाली. "तुझ्या शब्दाची किंमत आहे ती. ती मोजली आम्ही, पण आम्हाला विचारलं कुणी? दार लावून घे जाताना, गार वारा येतोय."

हिवाळ्यात इमारत रिकामी झाली. लुदोविना नदीपलीकडे बारेइरोला भाचीकडे गेली, शिवणाचं मशीन टेम्पोत चढवताना मागं वळून न बघता. आबिलिओला शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली. त्याला खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून खाली उतरवलं तेव्हा त्यानं एर्मेलिंदाकडे पाहून टोपी काढली. त्याला काही कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक. तिला वाटलं, तो थुंकला असता तर तिला सोपं गेलं असतं.

एर्मेलिंदा देवळामागच्या घरात गेली. घर चांगलं होतं, कोरडं, पायऱ्या नसलेलं. समोरच्या खिडक्यांत दर तीन दिवसांनी वेगळी माणसं असायची. ती हात हलवायची आणि काही जण तिचा फोटो काढायचे. सवयीनं ती मोठ्या पातेल्यात सूप करायची आणि दोन दिवस तेच खायची. तेल्मो सणाच्या दिवसांत एकदा येऊन गेला. तिनं दार उघडलं, पण त्याला बसायला खुर्ची दिली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

वसंतात आबिलिओ वारला. आपल्याला गल्लीच्या देवळातून न्यावं एवढंच त्यानं आश्रमात सांगून ठेवलं होतं. शववाहिनी पायऱ्यांच्या तळाशी थांबली. त्यापुढं गाडी जात नाही. अंत्यविधीवाल्यांनी दोनच माणसं पाठवली होती. पूर्वी अशा वेळी पायऱ्यांवर पुरुषांची रेटारेटी व्हायची, कोण आधी खांदा देतो म्हणून. आता आजूबाजूला कुणी नव्हतं. दोन-चार जुने शेजारी लांबून बस बदलत आले होते. सगळे काठी टेकणारे. लुदोविना आली होती. काळा कोट, हातात पर्स. एर्मेलिंदापासून लांब, दुसऱ्या टोकाला उभी.

कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातला शफिक गिऱ्हाइकाला तसंच सोडून बाहेर आला. बांगलादेशातून आलेला, या वस्तीत नवाच. "या बाबांचे कांदे माझ्याच दुकानातून जायचे," मोडक्या भाषेत तो म्हणाला, आणि शवपेटीची एक कडी त्यानं धरली. अजून एक माणूस हवा होता.

तेवढ्यात तेल्मो आला. मागं वॉर्डाच्या नावाची फीत लावलेलं पुष्पचक्र घेऊन एक कर्मचारी. तेल्मोनं कोट काढून कर्मचाऱ्याच्या हातात दिला आणि चौथ्या कडीला हात घातला.

"तू नको, तेल्मो," एर्मेलिंदा म्हणाली.

"मावशी, लोक बघताहेत."

"बघू देत. हात काढ."

ती ओरडली नव्हती. शाळेत ताटलीवरून भांडणाऱ्या पोरांशी ती बोलायची, तशाच आवाजात बोलली होती. तेल्मोचा हात आपोआप मागं आला. त्याचा चेहरा लाल झाला, आणि क्षणभर तो खरोखर लहान पोरासारखा दिसला. तिला त्याची दया आली. पण ती बाजूला झाली नाही.

कडी तिनं स्वतः धरली. शवपेटी उचलली गेली तेव्हा ती एर्मेलिंदाच्या बाजूला कलली. मग दुसरा एक हात तिच्या हातावर येऊन बसला, सुईनं टोचटोचून खरबरीत झालेला.

"नीट धर," लुदोविना म्हणाली. "पाडशील त्याला."

पेटी हलकी होती. इतकी हलकी, की दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तिथं काही खायला देत नव्हते वाटतं याला," लुदोविना पुटपुटली. दर थोड्या पायऱ्यांनी थांबत, धापा टाकत, त्या वर चढल्या.

दफनानंतर एर्मेलिंदा तिला बोटीपर्यंत सोडायला गेली. धक्क्यावर बाकावर दोघी बसल्या.

"माफ केलं असं काही मी म्हणणार नाही," लुदोविना म्हणाली.

"मी माफी मागितलेलीच नाही."

"मागितली असतीस तर दिली नसती."

"माहीत आहे. म्हणून नाही मागितली."

बोट लागली. लुदोविना उठली, चार पावलं गेली आणि न वळताच म्हणाली, "गुरुवारी भाची कामाला असते. दिवसभर मी एकटीच. यायचं तर ये, नाहीतर राहू दे."

तेव्हापासून एर्मेलिंदा गुरुवारी नदी ओलांडते. पुढच्या निवडणुकीत तेल्मो पुन्हा निवडून आला, थोड्या मतांनी. तिनं कुणालाच दंडाला धरून नेलं नाही, आणि न्यायला कुणी उरलंही नव्हतं. जुन्या इमारतीला आता पिवळा रंग आहे. ती त्या गल्लीतून जात नाही, वळसा घालून जाते.

बारेइरोच्या चौथ्या मजल्यावर दोघी बटाटे सोलतात, भाचीच्या नवऱ्याला नावं ठेवतात. लुदोविनाची नजर अधू होत चालली आहे, तेव्हा सुईत दोरा एर्मेलिंदा ओवून देते, आठवडाभर पुरतील इतक्या सुया. विहिरीच्या गल्लीबद्दल त्या बोलत नाहीत. एकदाच, निघताना दारात, एर्मेलिंदानं भीतभीत विचारलं होतं, "एखाद्या रविवारी माझ्याकडे ये ना. तळमजलाच आहे."

लुदोविनानं तिच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

"नको गं," ती म्हणाली. "मला बोट लागते."

लुदोविना नावाड्याची मुलगी. तिचं सगळं बालपण या नदीवर गेलेलं. एर्मेलिंदानं मान हलवली, गुरुवारी येते म्हणाली आणि जिना उतरू लागली.