सुट्टीवरच्या काकांनी केलेलं दिवसभराचं काम

मंडळी, हे सांगितल्याशिवाय आज घास घशाखाली उतरणार नाही.

रामदासपेठेत आमचं घरांचे नकाशे काढायचं छोटं ऑफिस आहे. पेनड्राइव्हची ने-आण थांबावी म्हणून काल मी लिनक्सवर सगळ्यांसाठी एक सामायिक फोल्डर केलं आणि दिवसभर मिरवलो.

आज सकाळी ऑफिसातली शुभांगी ओरडली, "नकाशा उघडते, पण सेव्ह काहून नाही होऊन राहिला गा?"

नकाशा आमच्यातल्याच ज्येष्ठ मेश्रामकाकांनी ठेवलेला. फाईली ऑफिसातल्या पूर्ण ग्रुपला बदलता याव्यात, ही परवानगी द्यायलाच मी विसरलो होतो. काकांची फाईल फक्त काकाच बदलू शकत होते, आणि काका सुट्टी घेऊन कामठीला पुतणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेलेले. नकाशा चार वाजता द्यायचा होता.

मी परवानग्यांशी झटत बसलो, तोवर शुभांगीने काकांच्या कीबोर्डखालची पासवर्डची चिठ्ठी काढली. मग सगळेच काकांच्या नावाने आत शिरलो. काम वेळेत झालं.

संध्याकाळी साहेबांनी फोल्डर उघडलं. प्रत्येक फाईलवर एकच नाव, मेश्राम. त्यांनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. "काका, सुट्टीत एवढं काम केलं तुम्ही?"

मागे डीजे दणदणत होता. काका जराही अडखळले नाहीत. "करून राहिलो न साहेब, जमेल तसं."

साहेब आमच्याकडे वळले. "अन् तुम्ही सगळे काय करून राहिले होते?"

फोल्डर आता दुरुस्त केलंय. पण साहेबांना खरं सांगायचं, तर चिठ्ठीचंही सांगावं लागेल. तुम्ही काय केलं असतं? लवकर सांगा, काकांनी उद्याही कामठीहूनच काम करायची परवानगी मागितली आहे.