मायावहिनीचं बिनफोनचं घड्याळ

माह्या मोबाईलच्या दुकानात लोक काय काय घेऊन येतात ते सांगाले बसलो त तुमचा दिवस जाईन. संडासात पडलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात, मंग तांदळासकट माह्या काउंटरवर आणून ओततात अन् वरून मलेच विचारतात, "काहून नाही चालू होऊन राहिला गा?" अरे बाप्पा, तांदूळ काय डॉक्टर आहे का? म्हणून मी खेकसतो. ह्या धम्मदीपचं, म्हणजे माहं, तोंड खराब आहे, हे आमच्या सगळ्या वस्तीले माहीत आहे. पण मायावहिनीवर मी कधी आवाज चढवला नाही. चढवून फायदाच नाही. तिले ना राग येते ना हसू.

मायावहिनी म्हणजे आमच्या गल्लीतल्या आनंददादाची बायको. आनंददादा पेंटर होता. विहाराची कमान दरसाल चौदा एप्रिलच्या आधी तोच रंगवे, दुसऱ्या कोणाले ब्रशले हात लावू देत नसे. "तुमचा निळा रंग पांचट होते बे," म्हणे. तो गेला त्याले आता काही वर्षं झाली. एकुलती एक पोरगी दीक्षा, ती पुण्यात नर्स आहे.

वस्तीच्या मागं एक टाउनशिप आहे. उंच भिंत, आत कारंजं अन् झाडं. मधात एक लोखंडी फाटक, अन् फाटकातून सरळ आमची गल्ली दिसते. वहिनी त्या टाउनशिपमध्ये एका ठेकेदाराकडं झाडूवाली होती. ठेकेदारानं सगळ्या बायांच्या मनगटावर एक एक घड्याळ बांधून ठेवलं होतं. घड्याळ कायचं, बेडीच ते! बाई कुठी उभी आहे ते ऑफिसातल्या साहेबाले दिसे. बटन दाबलं की साहेबाचा आवाज त्यातूनच येये. अन् ड्युटीच्या वेळेत फाटकाबाहेर पाय पडला की ते किंचाळे. असं किंचाळलं म्हणून दोन बायांले घरी बसवलं होतं, कारण कोणी विचारलंही नाही.

आनंददादाच्या छातीत दुखाले लागलं ते सकाळीच. वहिनी ड्युटीवर होती. शेजारची तुळसाबाई धावत फाटकापर्यंत गेली अन् ओरडली, "माया, चाल वं लवकर, आनंदरावची तब्येत बिघडली!" वहिनी फाटकापर्यंत आली अन् तिथीच उभी राहिली. आली नाही. गल्लीतल्या लोकांनी दादाले ऑटोत घालून मेडिकलच्या दवाखान्यात न्याले काढलं, रस्त्यातच तो गेला. वहिनी नंतर आली. तेव्हा सगळं संपलं होतं.

लोक काय बोलले ते बोलले. "दगड आहे बाई." "नवऱ्यापेक्षा नोकरी मोठी." पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही बाया कुजबुजत होत्या, अन् ही भंतेजींसमोर हात जोडून कोरड्या डोळ्यानं बसलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर, पुन्हा तेच घड्याळ. मले लय राग आलता तिचा, खोटं कायले बोलू. दीक्षा तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाले होती. ती सगळ्यांदेखत आईले म्हणे, "तुला यायचंच नव्हतं." दीक्षाले नोकरी लागली त्याच महिन्यात वहिनीनं ते घड्याळ ठेकेदाराले परत दिलं अन् धरमपेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटाले जाऊ लागली.

तेव्हापासून ती तशीच. बोललं त उत्तर देते. जेवण वाढलं त जेवते. गल्लीत लग्न असलं त येते, खुर्चीवर बसते, निघून जाते. एकदा तिच्या हातावर गरम तवा लागला, चांगला फोड आला, त मी म्हटलं, "वहिनी, दुखत नाही का वं?" तिनं हाताकडं असं पाह्यलं का जसा तो दुसऱ्या कोणाचा आहे. "दुखत असन," म्हणे.

मागच्या हिवाळ्यात ती मेसमध्ये चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणे, हृदयाचे ठोके मधातच चुकतात. गोळ्या सुरू झाल्या. पोरगी तिकडं घाबरली. तिनं पुण्याहून एक मोठा खोका पाठवला. वहिनी तो खोका घेऊन थेट माह्या दुकानात.

खोक्यात एक नवा स्मार्टफोन अन् एक घड्याळ. घड्याळ म्हणजे दणकट प्रकरण! काळं, जाडजूड, चारी कोपऱ्याले स्क्रू, रबराचा पट्टा. डोंगर चढणारे, मॅरेथॉन पळणारे लोक घालतात तसलं. वहिनीच्या बारक्या मनगटावर ते पाण्याच्या मीटरसारखं दिसे. सोबत दीक्षाची चिठ्ठी होती, माह्याच नावानं: काका, घड्याळ फोनला जोडून द्या, म्हणजे आईचे ठोके मला इथे दिसतील. पडली, ठोके बिघडले, तर माझ्या मोबाईलवर अलार्म येईल.

मी म्हटलं, "आण इकडं वहिनी, जोडून देतो."

"फोन नको जोडू," ती म्हणे. "बिनफोनचं चालते का ते पाह्य."

"काहून वं?"

"चालते का, तेवढं सांग."

आता हे कंपनीवाले लोक मोठे हुशार. घड्याळ चालू केलं त पडद्यावर फोनचं चित्र अन् एक बाण. फोन जोडा, नाही त वेळही दाखवत नाही, असा त्याचा हेका. मी बाजूची दोन बटनं दाबून धरली, एक शिवी हासडली, पुन्हा दाबून धरली, तेव्हा कुठी ते "नंतर जोडा" वर आलं. तारीख अन् वेळ मी हातानं टाकली. पट्टा शेवटून दुसऱ्या भोकात आवळून दिला. मंग वहिनीले सगळं दाखवलं. इथी वेळ. इथी टॉर्च. इथी बोट ठेवून थांबलं की ठोके. पाऊस-उन्हाचं मात्र दिसणार नाही, तिथी नुसत्या दोन आडव्या रेघा राहतीन. फोन येणार नाही, मेसेज येणार नाही.

"अन् मी कुठी आहे ते कोणाले दिसते का?"

"कोणालेच नाही."

ती पुढचं बटन दाबून राहिली होती. होकायंत्र आलं. "हे कायचं?"

"दिशेचं. हा उत्तर."

"पुणं कोणत्या अंगाले?"

मी बोटानं दाखवलं, पश्चिमेच्या जरा खाली. तिनं तिकडं पाह्यलं. तिकडं बर्डीच्या बसचा थांबा होता. मंग तिनं नवा फोन खोक्यात परत घातला, खोका माह्या टेबलाखाली सरकवला अन् म्हणे, "राहू दे तुह्याकडं." अन् निघून गेली.

मले वाटलं, ठेकेदाराच्या त्या बेडीचा धसका बसला आहे बाईले. बसणारच. इतकी वर्षं हातात साहेब बांधून फिरली, आता कोणाले दिसायचं नाही म्हणते, त बरोबरच आहे. मीही मनातून खूश झालो. म्हटलं, वहिनीनं एक तरी गोष्ट स्वतःच्या मनानं केली.

अन् ते घड्याळ ती वापरे, बरं का. शोभेचं नाही. मेसवरून येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून बटन दाबे, ठोके पाहे. आकडा वाकडातिकडा उड्या मारत असला त कोणाच्याही ओट्यावर टेकून बसे. कोणी म्हटलं, "काय झालं वं माया?" त "काही नाही, थांबून राहिली," एवढंच म्हणे. आकडा जागेवर आला की उठे. पहाटे पाण्याच्या टाकीखाली त्याच घड्याळाच्या टॉर्चमध्ये पितळी गुंड-कळशी भरे. पाण्यानं काही होत नाही त्याले. गल्लीतल्या विक्कीच्या पोरानं त्याले दगडावर आपटून पाह्यलं, तरी काही झालं नाही.

पण दीक्षाच्या मोबाईलवर काही दिसेना. तिचा मले फोन. "काका, जोडलं नाही का अजून?" मी सांगून टाकलं. लपवाछपवी मले जमत नाही. तिकडून पोरगी जी भडकली! "तुम्ही तिला साथ दिली? तिला काही झालं म्हणजे? बाबांच्या वेळेस मी तिथे नव्हते, काका. मला कळलं तेव्हा सगळं झालं होतं. आता पुन्हा तसं नाही होऊ देणार मी. एक तर घड्याळ जोडायचं, नाहीतर घराला कुलूप लावून तिनं माझ्यासोबत पुण्याला यायचं. मी रजा घेऊन येते आहे, तिला सांगून ठेवा."

मी वहिनीले निरोप दिला. पुण्याचं नाव काढल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. "हे घर नाही सोडत मी," म्हणे. "ह्या भिंती त्यानं रंगवल्या आहेत." बस. मंग पुन्हा तेच थंड तोंड.

एप्रिलचं ऊन पडलं होतं त्या दुपारी दीक्षा आली. बॅग घरी टाकली अन् आईले हाताले धरून सरळ माह्या दुकानात आणलं. कूलर घरघर करून राहिला होता. वहिनी स्टुलावर बसली. दीक्षा उभीच. पुण्यात राहून पोरगी बोलायले मोठी मॅडम झाली आहे, पण चिडली की बापासारखी नाक फुगवते.

"काका, तो खोका काढा. आत्ताच्या आत्ता जोडा."

मी म्हटलं, "अगं, तिले ते कोणी पाहणं नको वाटते. ठेकेदाराच्या घड्याळानं..."

"मी ठेकेदार आहे का काका? मी मुलगी आहे तिची!"

मी खोका काढला. वहिनीनं स्वतःहून पट्टा सोडला अन् घड्याळ काउंटरवर ठेवलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता.

"जोड गा भाऊ," ती म्हणे. मंग पोरीकडं वळली. "जोडल्यावर तुले काय दिसन?"

"तुझे ठोके दिसतील."

"ते बिघडले त?"

"अलार्म वाजेल माझ्याकडे."

"मंग तू येशील?"

"येईन ना आई! त्यासाठीच तर चाललं आहे सगळं."

"लगेच?"

"लगेच म्हणजे..." दीक्षा म्हणे. "वॉर्डमध्ये असले तर इन्चार्जला सांगावं लागतं. पेशंट सोडून तसंच निघता येत नाही. बदली कोणी आलं की मग..."

अन् ती थांबली.

वहिनी बोलाले लागली. आवाज तसाच, सपाट, बाजारातून काय आणाचं ते सांगावं तसा. "मलेही साहेबानं तेच म्हटलं होतं. मी बटन दाबलं, म्हटलं साहेब, नवऱ्याची तब्येत बिघडली, जाऊ द्या. तो म्हणे, थांब, बदली पाठवतो. मी थांबली. तुह्यं शेवटचं वर्ष होतं. फाटकातून आपलं दार सरळ दिसते, दीक्षा. तुळसाबाईनं अंगणात चटई टाकली, ते मी पाह्यलं. त्याले पाणी पाजलं, ते त्याच्या गळ्यावरून खाली गेलं, ते पाह्यलं. ऑटो आला, तो मधात अडकला, लोकांनी ढकलला, ते पाह्यलं. सगळं दिसत होतं मले. लोक म्हणतात मले माहीत नव्हतं, नाही त मले पर्वा नव्हती. मले सगळं दिसत होतं अन् जाता येत नव्हतं. त्यानंतर माह्या अंगात काही राह्यलंच नाही पोरी. मी मेली त तुले एक फोन येईन. रडत ये. पण तिकडं उभी राहून माह्ये ठोके पाहत बदलीची वाट पाहशील, ते मी तुले नाही देत."

मले वाटत होतं, ती स्वतःले लपवून राहिली आहे. मी गधा. माह्या डोळ्यातून पाणी आलं अन् मी ते पुसलंही नाही. गिऱ्हाईक आलं होतं, त्याले मी हातानंच परत पाठवलं.

दीक्षा रडली नाही. तिनं दुसरा स्टूल ओढला अन् आईच्या गुडघ्याले गुडघा लागन इतक्या जवळ बसली. मंग तिनं विचारलं, अन् विचारताना तिच्या तोंडचं सगळं पुणं गेलं होतं.

"आई, बाबानं फाटकाकडं पाह्यलं होतं का वं?"

"हाव," वहिनी म्हणे. "ऑटोत घालताना पाह्यलं. मी दिसली त्याले. हात वर केला अन् हातानंच म्हणे, थांब तिथीच."