खालच्या मजल्यावर ऐकू आलेल्या उड्या

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांशी माझं कधीच जमलं नाही. आमच्या ऑफिसात एक बाई होत्या, त्यांना दर अमावास्येला काही ना काही दिसायचं. मी तोंडावर सांगायचे, "रात्री कमी जेवा, दिसायचं बंद होईल." त्यामुळे आता मीच हे लिहायला बसले म्हटल्यावर घरातले सगळे हसताहेत. हसू देत. घडलं ते घडलं, आणि त्यात मी पदरचा एक शब्द घालणार नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो... तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताचा ब्लॉक. घरात मी, माझा नवरा सुधीर, सासूबाई आणि आमची लहान लेक. मी मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीत डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे गावोगावच्या दुकानांत जायचं, टेबलावर मिक्सर मांडायचा आणि जमलेल्या बायकांसमोर ओलं खोबरं, इडलीचं पीठ वाटून दाखवायचं. अर्धा महिना टूरवरच जायचा. त्या काळात एकट्या बाईला लॉजवाले खोली द्यायलाच कुरकुर करायचे, मी त्यांच्याशी भांडून घ्यायचे.

लग्नाआधी मी भांडुपच्या एका क्लबकडून कबड्डी खेळायचे. चढाईला जायचे, आणि हात लावून परत यायचे. बाबा गिरणीत कामाला, पण माझी मॅच असली की पाळी बदलून यायचे. खेळ सुटला तेव्हा म्हणाले होते, "आंग हलयत रव गे बाय, नायतर बसलंस काय बसलंस." अंग हलतं ठेवायचं, तेवढं मी डोक्यात ठेवलं. रोज पहाटे साडेपाचला दोरीच्या उड्या आणि बैठका. लेक झाली तेव्हाचे काही महिने सोडले तर एक दिवस खाडा नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

टूरवर तर जास्तच. दोरी मी मिक्सरच्या मोठ्या जारमध्ये गुंडाळून न्यायचे, कॅनव्हासचे बूट साड्यांच्या खाली. लॉजच्या खोलीत पंखा खाली असला तर दोरी अडकायची, मग मी गच्चीवर जायचे. अकोल्याला शेजारच्या गच्चीवर दोन बायका पापड वाळत घालत होत्या. पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावून हसल्या, दुसऱ्या दिवशी त्यातली एक म्हणाली, "ताई, मला शिकवता का?" पदर खोचून मारल्या की तिनं उड्या. रात्रीची गाडी असली तर सकाळी उतरल्यावर लेडीज वेटिंग रूममध्ये बैठका काढायच्या, मगच चहा. कंपनीतले सेल्समन, एकेकाचं पोट टेबलाला टेकलेलं, मला विचारायचे, "मॅडम, ऑलिम्पिकला जाणार काय?" मी म्हणायचे, "तुम्ही आधी जिना चढून दाखवा, मग बोलू."

आता खालच्या मजल्याकडे येते. आमच्या बरोबर खाली सबनीस काका राहायचे. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगा शिरीष आणि सून यांच्याबरोबर. काकांना झोप येत नसे. पहाटे कुठे डोळा लागायचा आणि वरून मी सुरू. मग ते काठीनं छताला ठोकायचे. मी खाली गोधडी अंथरून पाहिली, तरी त्यांचं ठोकणं चालूच. जिन्यात भेटले की, "अगं, तू बाई आहेस की रोडरोलर?" मी म्हणायचे, "काका, तुम्हीही या वर, दोन बैठका मारा, झोप लागेल." असं आमचं चालायचं. आख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन फक्त त्यांच्याकडे होता, त्यामुळे फार तोडूनही चालत नव्हतं.

एकदा मी सोलापूरहून परत आले. हातात बॅग, खांद्याला मिक्सर, आणि काका जिन्यात उभे. "गुरुवारी काय चाललं होतं गं? मधेच बंद, मग अर्ध्या तासानं परत चालू. सरळ एकदाच मारून मोकळी हो ना. आणि बूट न घालता मारत होतीस का? आवाज चपटा येत होता."

मी म्हटलं, "काका, गुरुवारी मी सोलापूरला होते."

"मला काय सांगतेस? माझ्या डोक्यावर तर नाचत होतीस."

मी हसून वर गेले, पण घरात पाऊल टाकलं आणि तो गुरुवार आठवला. गुरुवारी सोलापूरच्या लॉजमध्ये माझे बूट भिजले होते, म्हणून मी अनवाणी उड्या मारत होते. मधेच मॅनेजर दार वाजवत आला, खालच्या गिऱ्हाइकाची तक्रार म्हणून. त्याच्याशी वाद घालण्यात अर्धा तास गेला, आणि मग मी उरलेल्या उड्या पूर्ण केल्या. हे मी सुधीरलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. आमच्या ज्या खोलीत मी एरवी व्यायाम करायचे तिथे मी नसताना सासूबाई झोपायच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "कसला आवाज? मी जागीच होते. काही नाही."

पुढच्या टूरला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. काका मला जिन्यात गाठून सांगायचे, कधी उशिरा सुरू केलं, कधी पाय जड पडत होते. दर वेळी बरोबर. मी सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "योगायोग असेल गं." मलाही तसंच वाटायला हवं होतं... पण सोलापूरचा अनवाणी पायांचा आवाज मुलुंडला कसा येतो, हे काही केल्या डोक्यात बसेना.

काकांची मात्र वाट लागली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी माझी तक्रार केली आणि दिवस सांगितले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, त्या दिवशी मॅडम गावाला होत्या." सगळे हसले. शिरीष मान खाली घालून बसला. मी उठून सांगितलं, "काका म्हणतात ते खरं आहे. मी तेव्हा उड्या मारतच होते, पण सोलापूरला." झालं, लोक आणखीच हसले. मीटिंग सुटल्यावर जिन्यात शिरीष मला म्हणाला, "वहिनी, प्लीज, तुम्ही त्यांना खतपाणी घालू नका." त्यानं काकांना डॉक्टरकडे नेलं. कान तपासले, मग डोक्याच्या डॉक्टरकडे. गोळ्या सुरू झाल्या. आणि ठरलं असं की पुन्हा हे आवाजाचं काढलं तर काकांना चिपळूणला त्यांच्या भावाकडे ठेवायचं, कायमचं. काकांनी मुलाला शब्द दिला, पुन्हा बोलणार नाही.

त्यानंतर ते मला जिन्यात भेटले की नुसते बाजूला व्हायचे. भांडायचेसुद्धा नाहीत. मला फार वाईट वाटायचं. एवढा तिखट माणूस, आपल्याच कानांना घाबरायला लागला होता. एकदाच मी हळूच विचारलं, "अजून येतो का हो आवाज?" त्यांनी दाराकडे बघितलं आणि मान डोलावली.

त्या हिवाळ्यात मी नागपूरला गेले. थंडी मी म्हणत होती. लॉजच्या मॅनेजरनं बिचाऱ्यानं कोळशाची शेगडी आणून दिली. मी मुंबईची, मला शेगडी घेऊन झोपायची काय सवय? खिडकी गच्च लावली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि झोपले.

पहाटे जाग आली ती डोकं फुटेल असं दुखत होतं म्हणून. पाय माझे आहेत असं वाटेना. शेगडीचा विचारसुद्धा मनात आला नाही. विचार आला तो एवढाच की साडेपाच वाजले असतील, आज खाडा पडतोय. खुर्चीवर दोरी होती. मी उठले, दोरी घेतली, दोन पावलं टाकली आणि आडवी पडले. पुढचं मला आठवत नाही.

पुढचं सुधीरनं सांगितलेलं. तो झोपलेला. दारावर थापा पडल्या. उघडतो तर सबनीस काका... अंगात गंजी, पायांत चपला नाहीत, धापा टाकताहेत. मागे शिरीष त्यांचा दंड धरून, "बाबा, चला खाली, लोकांना कशाला उठवताय?"

काका सुधीरला म्हणाले, "तुझी बायको पडली आहे."

"काका, ती नागपूरला आहे."

"मला माहीत आहे कुठे आहे ते. रोज उड्यांचा आवाज येतो, आज एकच आला. उडीचा नाही, माणूस पडल्याचा. मग काही नाही. मला वेडा म्हणायचं तर नंतर म्हण. लॉजचा नंबर दे."

शिरीष म्हणाला, "बाबा, तुम्ही शब्द दिला होता. आता फोन केलात तर मी खरंच चिपळूणला पोचवून येईन."

"पोचव," काका म्हणाले. "आधी फोन."

सुधीर मला नंतर म्हणाला, "खरं सांगू, माझा काडीचा विश्वास नव्हता. पण एका फोनसाठी चिपळूणला जायला तयार झालेल्या माणसाला नाही म्हणायला जीभ वळेना." त्यानं नंबर दिला. काकांनी लायटनिंग कॉल लावला, त्या वेळी सगळ्यात लवकर लागणारा आणि सगळ्यात महागडा. मॅनेजर आधी ऐकेना. बाईमाणसाच्या खोलीचं दार पहाटे कसं वाजवू, म्हणाला. काका फोनवर असे ओरडले की तिसऱ्या मजल्यावरचे लोक खाली आले. "वाजवू नकोस, फोड. दाराचं मी बघतो."

दार फोडलं तेव्हा मी जमिनीवर पडलेली होते, दोरी हातात. खोलीभर शेगडीचा गॅस कोंडलेला. सुधीर नागपूरला पोचल्यावर इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की आणखी थोडा वेळ गेला असता तर मी हाती लागले नसते. आणि हेही म्हणाले की यांची छाती दणकट आहे म्हणून निभावल्या. तेवढं ऐकायला मी शुद्धीवर आले होते, आणि अशा अवस्थेतही मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे मी पुष्कळ लोकांना हे सांगितलं. एकानं पाइपमधून आवाज येतात म्हटलं. नागपूरहून मुलुंडला कसला पाइप येतो? दुसरा म्हणाला, म्हाताऱ्याला सवय झाली होती म्हणून भास व्हायचे. मग अनवाणी पाय आणि ते पडणं? तेही भासच? काकांना माझ्या टूरवरच्या उड्या पुढे शेवटपर्यंत ऐकू यायच्या. ते वारल्यावर शिरीषनं ब्लॉक विकला आणि नवे लोक आले. त्यांना मी घरात असले तरच आवाज यायचा, गावाला गेले की काही नाही. मी मुद्दाम विचारून बघितलं. म्हणजे जे काही होतं ते माझ्या पायांत नव्हतं. कशात होतं ते मला आजही सांगता येत नाही.

आता फक्त मी नागपूरहून घरी आले तो दिवस सांगायचा राहिला. सुधीर मला धरून जिना चढवत होता. पहिल्या मजल्यावर काकांचं दार उघडं, काका खुर्ची टाकून दारातच बसलेले. मागे शिरीष आणि त्याची बायको. मी वाकून पाया पडले. वाटलं आता काहीतरी चिडवतील, रोडरोलर आला म्हणतील. त्यांनी माझा हात धरला आणि लहान मुलासारखं विचारलं, "पडली होतीस ना गं? मला खरंच ऐकू आलं ना?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस कशासाठी दारात बसून होता. मला रडू आलं. मी शिरीषला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हो काका, पडले होते. तुम्हाला अगदी बरोबर ऐकू आलं."

"पण कसं?"

"ते मला नाही माहीत."

"मलाही नाही," ते म्हणाले. मग खुर्चीत ताठ बसले, मागे वळले आणि मुलाला एवढंच विचारलं, "ऐकलंस?"