बसच्या दारात मावणारी गाडी

"आधी माझी गाडी घ्या भाऊ. मी काय पळून जायलेय का?"

बस फाट्यावर थांबली की खालून पहिलं वाक्य हेच यायचं. नवखा प्रवासी गोंधळायचा, कारण बोलणाऱ्या बाईचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. पळणं सोडाच, ती उभीही राहू शकत नव्हती. रस्त्याच्या कडेला एका छोट्या तीनचाकी गाडीवर बसलेली असायची आणि शेजारी तिची माय. आधी दोघातिघांनी गाडी उचलून बसमध्ये घ्यायची. मग ही हातांत रबरी चपला घालून, पायऱ्यांवर हात टेकत, स्वतःला वर ओढून घ्यायची. कुणी उचललेलं तिला चालत नसे. "हात लावू नका, मला गुदगुल्या होत्यात," म्हणायची. पुढे आलेले पुरुष लाजून मागे सरायचे.

मी तेव्हा गंगाखेड–परभणी मार्गावर कंडक्टर होतो. तुम्ही या रस्त्याने हिंडत असाल तर कदाचित तुम्हीही तिला पाहिलं असेल. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो.

ती गाडी म्हणजे ताईचा मोठा अभिमान. आधी अपंगांच्या शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल रुंद होती, बसच्या दारातच अडायची. ताई घरी ब्लाउज, परकर शिवायची. एक दिवस बस उभी असताना तिने गळ्यातली टेप काढून मायच्या हातात दिली आणि दाराची रुंदी मोजायला लावली. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना.

"वाजवा, वाजवा. नवरीचं माप घ्यायलेय, येळ लागणारच," ताई म्हणाली.

त्या मापावर गंगाखेडच्या एका वेल्डिंगवाल्याने तिला बॅटरीवर चालणारी अरुंद गाडी करून दिली. तिची सीट निघायची, पुढचा दांडा आडवा व्हायचा. पहिल्यांदा ती दारातून अलगद आत गेली तेव्हा ताईने अशी मान डोलावली, जणू गिऱ्हाइकाच्या अंगात ब्लाउज बरोबर बसला असावा.

अपंगांसाठी राखीव असलेल्या सीटवर धडधाकट माणसं बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ताई भांडत नसे. एकदा एक मिशीवाले पाहुणे तिथे ऐसपैस बसले होते. तिने खालून विचारलं, "भाऊ, तुमचा कोणता पाय अधू हाय? डावा का उजवा?" बस हसली. पाहुणे उठले. "ऱ्हावा जरा उभं, पाय मोकळे होत्यात," ती वर म्हणाली.

पण सगळेच हसत नसत. आमची बस गंगाखेडहूनच भरून निघायची. फाट्यापर्यंत आत पाय ठेवायला जागा नसायची, आणि त्यात ही गाडी. लोकांच्या पोटऱ्यांना चाक लागायचं, कुणाच्या साडीला काळं लागायचं. एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, "एवढा पसारा घेऊन कामून फिरती गं बाई सारखी शहरात? घरी बसावं की!"

ताईने डाव्या हाताची बाही वर केली. कोपराजवळची शीर दोरखंडासारखी फुगली होती. "हात लावा माय. लावा."

म्हातारीने बोटं टेकवली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. आत काहीतरी थरथरत होतं.

"डायलिसिससाठी केलीय ती शीर," ताई म्हणाली. "माझ्या किडन्या बंद पडल्यात. आठवड्यातून दोनदा रगत धुवून घ्यावं लागतं. घरी बसले तर बसल्या जागी मरीन."

म्हातारीने आपलं बोचकं मांडीवर घेतलं आणि गाडीला जागा केली.

जाताना बोलकी असणारी ही बाई येताना ओळखू यायची नाही. अंग पिळून काढल्यासारखं. ओठ सुकलेले. उन्हाळ्यात शेजारचा माणूस घटाघटा पाणी प्यायचा आणि हिची नजर त्या बाटलीवर खिळायची. कुणी बाटली पुढे केली तर म्हणायची, "नको बापा. डाक्टरनं मोजून दिलंय, माझं पाणी आजच्यापुरतं पिऊन झालं." मग पदराचं टोक ओलं करून ओठांना लावायची.

लग्नसराईतली ती सकाळ मी विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही. दारातल्या पायरीवरही माणसं लोंबकळत होती. ड्रायव्हर फाट्यावर बस थांबवणारच नव्हता. लांबूनच त्याने करकचून ब्रेक मारला. आत माणसं माणसांवर आदळली.

ताईने गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी लावली होती.

"मरायचंय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"मराया न्हाई, जगाया थांबवलं!" ती ओरडली. आवाज नीट फुटत नव्हता. तोंड सुजलं होतं, डोळे बारीक झाले होते. दर शब्दाला धाप लागत होती. माय पदर पसरून बसच्या पुढे उभी होती. "मागल्या बारीलाबी जागा भेटली न्हाई हो. आज दोन गाड्या थांबल्या न्हाईत. रात्रभर लेक आडवी झाली न्हाई, पडलं की जीव गुदमरतो."

आतून आवाज येऊ लागले. "बाईला घ्या, गाडी नको!" "आमची वरात चुकंल!" "दुसरी बस येईल मागून." मी खाली उतरलो. दोन माणसांना पायरीवरून उतरवलं, आतल्यांना सरका म्हणालो. कुणी सरकेना. खरं तर सरकायला जागाच नव्हती. ती गाडी आत न्यायची तर दाराजवळची चार माणसं रस्त्यावर ठेवावी लागली असती, आणि त्या चौघांत एक पोटुशी बाई होती.

ताईने हे सगळं पाहिलं. मग माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गाडी. मला उचला."

आम्ही तिला उचललं. गुदगुल्यांचा विषय निघाला नाही. बसायला फक्त ड्रायव्हरशेजारचं इंजिनाचं झाकण होतं आणि ते तापलेलं. मघाशी ओरडणाऱ्या ड्रायव्हरने खांद्यावरचा टॉवेल काढून त्यावर घातला. बस निघाली. मागे रस्त्यात माय त्या रिकाम्या गाडीचा दांडा धरून उभी होती.

परभणी येईपर्यंत ताई समोरच्या लोखंडी दांड्याला दोन्ही हातांनी धरून वाकून बसली होती. छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. मघाशी वरातीची घाई असलेला माणूस तिला वर्तमानपत्राने वारा घालत होता. तिने एकदाच मान वर करून विचारलं, "भाऊ, किती ऱ्हायलं?" मी म्हणालो, "आलंच." अर्ध्या वाटेवरची पोखर्णीही आली नव्हती.

स्टँडवरून रिक्षा केली. दवाखान्याच्या पायऱ्या मी तिला पाठीवर घेऊन चढलो. डायलिसिसच्या खोलीच्या दारात एक माणूस म्हणाला, "यांचा नंबर गेला. दुसरा पेशंट लावलाय. आता संध्याकाळी बघू."

मी काही बोलायच्या आत ती माझ्या पाठीवरून खाली घसरली आणि उंबऱ्यातच बसली. दोन्ही हातांनी चौकट धरली. "मी हितून हलणार न्हाई. मला तुडवून जावा. पण हलणार न्हाई."

तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता, विनवणी तर नव्हतीच. आतून एक सिस्टर आली. तिने ताईचा चेहरा पाहिला, नखं पाहिली आणि तशीच डॉक्टरांना बोलवायला धावली. ताईला नळी लावून ऑक्सिजन दिला, आणि एक मशीन मोकळं करून तिला तिथे निजवलं. मी निघालो तेव्हा तिने माझ्या शर्टाचं टोक धरलं.

"गाडी आणा भाऊ. त्याबिगर हितून बाहेर कशी निघू?"

दुपारच्या फेरीला बस मोकळी होती. मायला आणि गाडीला मी घेऊन आलो. त्या वेळी ती वाचली.

त्यानंतर रोजच्या प्रवाशांनी आपसात एक रीत लावून घेतली. फाटा जवळ आला की कुणीतरी आवाज द्यायचा, "सरका रे, ताई यायलीय." सीट आधीच मोकळी व्हायची, पुढची माणसं मागे दाटायची. कुरकुर असायचीच, पण जागाही असायची. ताई म्हणायची, "माझ्यापायी तुमच्या बरगड्या मोडायल्या." कुणीतरी उत्तर द्यायचं, "मोडू द्या, परभणीतच दवाखाना हाय."

पावसाळ्यात एकदा झड लागली, ती थांबेचना. तिचं गाव फाट्यापासून आत, मधे ओढा. ओढ्याला पाणी आलं की गाव तुटायचं. तिच्या वाराला आम्ही फाट्यावर थांबलो, पण कुणी नव्हतं. पुढच्या वाराला पाऊस उघडला होता. सरका, सरका म्हणत लोकांनी जागा केली. बस थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला.

गावाच्या वाटेने एक माणूस चिखल तुडवत आला. घोट्यापर्यंत माखलेला.

"ताई न्हाई येणार," तो म्हणाला. "काल गेल्या. बाजंवर घालून आणत होतो, ओढ्यात पाणी छातीला लागलं. माघारी न्यावं लागलं. घरीच गेल्या."

बस बराच वेळ उभी राहिली. शेवटी मीच घंटी दिली. पोखर्णीला एक म्हातारा चढला. त्याला काही ठाऊक नव्हतं. मोकळी सीट पाहून तो हाशहुश करत बसला. कुणी त्याला उठवलं नाही.

ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी तिच्या घरी गेलो होतो. बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिचा फोटो होता. त्यातली ताई मला परकी वाटली. फोटो काढताना तिला कुणीतरी गप्प बसायला सांगितलं असणार.

मला ती आठवते ती एका संध्याकाळची. परतीची बस, ती सीटवर, शेजारी कॉलेजची एक मुलगी. डायलिसिसने थकलेली ताई झोपली आणि तिचं डोकं त्या मुलीच्या खांद्यावर कललं. पोखर्णी आली. मुलीला तिथेच उतरायचं होतं, तिचं तिकीट मीच फाडलं होतं. मी तिला खुणेने विचारलं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवून नाही म्हणाली.

उतरणारे उतरले. मी दोनदा घंटी दिली. ड्रायव्हरने बस अगदी सावकाश रस्त्यावर घेतली.