आईच्या चेहऱ्यावरच्या पांढऱ्या रेघा

मंडळी, सत्तरच्या दशकात माझे बाबा भिवंडीच्या आमच्या घरीच फोटोचा रोल धुवायचे आणि कापड विणायच्या लूमशेजारच्या खोलीत वाळत घालायचे.

"इथं नका टांगू, ओल्या फिल्मला कापूस चिकटतो," आई म्हणायची.

"मग कुठं टांगू? अख्ख्या भिवंडीत कापूसच उडतोय."

त्यामुळे आईच्या एकमेव फोटोत तिच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा होत्या. आज सकाळी ती निगेटिव्ह पाण्यात भिजवली आणि चिकटलेले तंतू अलगद सुटले. नवी प्रिंट काढली. आई कॅमेऱ्यामागच्या बाबांकडे बघून हसतेय.

दोघंही आता नाहीत. बाबांचा तर एकही फोटो नाही. सकाळपासून त्यांचा चेहरा आठवत बसलेय.

तुमच्या घरात फोटो काढणाऱ्याचा फोटो कुणी काढला होता का?