फुईची जांभळी फेसकिनी आणि तिथलचा समुद्र

फुई म्हणजे माझी आत्या, राहणार म्हसावद. उन्हात गेली की तिचा चेहरा लालबुंद होतो, चट्टे उठतात आणि आठवडाभर आग होते. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, तोंडाला ऊन लागू द्यायचं नाही. आणि अशा बाईला काय हवं होतं? भर दिवसा समुद्रात डुंबायचं!

मी ऑनलाइन फेसकिनी मागवली. पोहण्याच्या कापडाची, डोकं, चेहरा, मान झाकणारी खोळ. डोळे, नाक आणि तोंडापुरती भोकं. (मागवणार असाल तर एक माप मोठं घ्या. ओली झाली की गच्च बसते.) रंग जांभळा आला. फुईने घालून पाहिली तेव्हा फुवा, म्हणजे तिचे यजमान, चहाचा कप हातात धरून बघतच राहिले.

"हाई घाली लोकेसमा जाशी?"

"मंग! तुमले लाज वाटस ते लांब ऱ्हाज्यात."

म्हसावदहून शहादा, प्रकाशामार्गे नंदुरबार आणि तिथून पहाटेची सुरतकडची गाडी. जनरल डब्यात जागा मिळाली. सुट्टीच्या दिवशी मात्र आरक्षण कराच. खांडबाऱ्याला चहा झाला. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. "आते परराज्यात उनू, आठे माले कोन वळखस?" म्हणत, इथे आपल्याला कोण ओळखतंय अशा थाटात फुवांनी बूट काढून पाय वर घेतले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा सुरत येण्याआधीच संपला. सुरतेला गाडी बदलून वलसाड, पुढे तिथल गावच्या किनाऱ्यापर्यंत रिक्षा.

तिथलची वाळू काळपट आहे. पांढऱ्या किनाऱ्याची स्वप्नं घरी ठेवून या, आणि भरती-ओहोटीची वेळ भजीवाल्याला विचारूनच पाण्यात उतरा. आम्हीही विचारलं.

फुईने पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला, वर जांभळी खोळ चढवली आणि निघाली. किनारा थबकला. दोन पोरी खिदळल्या, कुणीतरी मोबाइल काढला. फुवा सराईतपणे वीसेक पावलं मागे राहिले आणि शिंपले बघू लागले. भजी खात उभ्या असलेल्या एका गुजराती गृहस्थाने त्यांना विचारलं, "काका, आ बेन तमारी साथे छे?"

"नही, नही," फुवा म्हणाले.

वारा आमच्याच दिशेने होता. फुईने ऐकलं. खोळीच्या भोकांतून तिचे डोळे क्षणभर माझ्यावर थांबले. मग ती सरळ पाण्यात गेली. गुडघाभर, मग कमरेपर्यंत. मी "फुई, पुरे!" म्हणेपर्यंत एक लाट आली आणि जांभळं डोकं दिसेनासं झालं.

मी धावले. पण माझ्या आधी, पँट, घड्याळ, चष्म्यासकट, फुवा पाण्यात होते. "धरा रे! मन्ही बायको शे ती!" असे ओरडले की तो गृहस्थसुद्धा भजी टाकून धावला.

तोवर फुई आपणच उभी राहिली होती. तोंडातलं खारं पाणी थुंकली, फुवांच्या शर्टाची कॉलर धरली.

"आते वळखस का माले?"

आणि तिने त्यांना पुढच्या लाटेत ओढलं. मग दोघं किती वेळ डुंबत होती कोण जाणे. फुई किंचाळत होती, लाटांना शिव्या घालत होती. एरवी ओट्यावर बसून हळू आवाजात बोलणारी ही बाई इतकी मोठ्याने ओरडू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं.

परतताना फुवांचं नाक आणि कपाळ उन्हाने टोमॅटोसारखं झालं होतं. फुईचा चेहरा मात्र जसाच्या तसा. म्हसावदला पोचल्यावर तीच त्यांच्या नाकाला साय लावत बसली.

मी खोळीतल्या फुईचा किनाऱ्यावरचा एक फोटो मोठा करून पाठवला. फुईने तो बैठकीत, दारातून येणाऱ्याला पहिला दिसेल असा टांगला. फुवा कुरकुरले, "यामा तुन्हं तोंड कोठे शे वं?"

"मी हासी ऱ्हायनी, ते दिखस ना?" फुई म्हणाली.